जांभळी हौसा

"ओ ताई, छत्री जरा म्हशीवर धरा की."

मधुवंती थांबली. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. सकाळचे आठ वाजत होते, भाद्रपदातली सर अचानक आली होती, आणि शिवाजी पेठेतल्या त्या अरुंद बोळात म्हैस म्हणावी असं काहीच नव्हतं. होता तो एक चिंब भिजलेला तरुण, त्याची बंद पडलेली जुनी मोपेड, दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दुधाच्या रिकाम्या किटल्या, आणि सीटवर दोरीने बांधलेलं, गोधडीत गुंडाळलेलं खिडकीएवढं काहीतरी.

"म्हैस कुठाय?" तिने विचारलं.

"ही काय." त्याने गोधडीवर हात ठेवला. "भिजली तर आज्जा मला घरात घ्यायचा न्हाय."

बोलण्यात इतका खरेपणा होता की मधुवंतीने छत्री गोधडीवर धरली. त्यामुळे तिचा डावा खांदा भिजायला लागला. तरुण तर आधीपासूनच भिजत होता. मोपेडला किक मारत होता, मध्येच तिच्याकडे बघत होता आणि पुन्हा किक मारत होता.

"तुमाला भिजा म्हणालो न्हाय मी," तो म्हणाला. "तुमी बी बसा की छत्रीत. फक्त म्हस आधी."

"आभारी आहे," मधुवंती म्हणाली.

"चित्रं शिकवणाऱ्या माई हितंच कुठंतरी ऱ्हात्यात न्हवं?"

ती त्यांच्याकडेच निघाली होती. मग मोपेड ढकलत तो, गोधडीवर छत्री धरून ती, असे दोघं त्या बोळातून चालले. गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या बायकांनी ही मिरवणूक पाहिली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

माई चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आता घराच्या पुढच्या खोलीत रविवार, मंगळवार आणि गुरुवारी सकाळी त्या तैलरंग शिकवायच्या. सकाळीच का, तर त्या खोलीला उत्तरेकडून उजेड यायचा, आणि माईंच्या मते ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात. त्यांची शिकवायची पद्धतही ठरलेली होती. नव्या माणसाने आधी एखादं जुनं, चांगलं चित्र घ्यायचं आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या हातापर्यंत ते पुन्हा काढायचं.

"दुसऱ्याचा हात समजला की आपला सापडतो," त्या म्हणायच्या. "अक्षर आपण सगळे गिरवूनच शिकलो की नाही?"

मधुवंती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. अकरा ते आठ लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. दोन महिन्यांपूर्वी ती माईंकडे येऊ लागली, तेव्हापासून तिने एक पेरू, दोन वांगी आणि एक समई गिरवली होती. आता मोठं चित्र करायची वेळ आली होती. तिच्या मनात दिवा घेतलेली एखादी सुंदर बाई होती, पदर सावरणारी, डोळ्यांत प्रकाश पडलेला...

गोधडी सुटली आणि माई म्हणाल्या, "मधू, हे तुझं चित्र."

चौकटीत काळोख होता. नुसता काळोख. डोळे बारीक केल्यावर त्यात दोन शिंगं दिसली, आणखी बारीक केल्यावर एक ओलसर नाक.

"हौसा," तरुण अभिमानाने म्हणाला. "आमच्या पणज्याची म्हस. ऐंशी वर्षं झाली. नाटकाचे पडदे रंगवणारा एक पेंटर आमच्या शेजारी ऱ्हायला होता. हौसाचं दूध प्याला आणि ऱ्हावलं न्हाय त्येला. काढली."

त्याचं नाव सम्राट होतं. मधुवंतीने ते ऐकलं, रिकाम्या किटल्यांकडे पाहिलं आणि हसू दाबलं. सम्राटने ते दाबलेलं हसू नेमकं पाहिलं.

"नाव आज्जानं ठेवलंय," तो म्हणाला. "तक्रार तिकडं."

मग त्याने काम सांगितलं. त्याचे आजोबा हंबीरराव, त्यांना मुलगे दोन. थोरले उदयसिंह काका रिंगरोडला नवं घर बांधत होते, निम्म्या म्हशी घेऊन दिवाळीच्या पाडव्याला तिकडे जाणार होते. धाकटे, म्हणजे सम्राटचे वडील आप्पा, जुन्या घरीच राहणार होते. गोठा वाटला, शेत वाटलं, भांडी वाटली, एक शब्द वाकडा झाला नाही. हौसापाशी येऊन गाडं अडलं. चित्र एक आणि भाऊ दोन. तीन महिने दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी हंबीररावांनी ठरवलं, की हौसाची दुसरी तसबीर करून घ्यायची आणि पाडव्याला चिठ्ठ्या टाकायच्या.

"पण चित्र हितं ठेवायचं न्हाय," सम्राट म्हणाला. "आज्जा रोज निजायच्या आधी तिला नमस्कार करतोय. वर्गाच्या दिवशी आणायचं, त्याच दिवशी न्यायचं. आणि हितं असंल तवर नजर हलवायची न्हाय, असा हुकूम हाय मला."

"म्हणजे तुम्ही दर वर्गाला इथे बसणार?" मधुवंतीने विचारलं.

"बसणार. म्हशीकडं बघत."

पहिले काही दिवस तो खरोखरच म्हशीकडे बघत बसला.

माईंनी एका लाकडी चौकटीवर दोरे ताणून चौकोन केले आणि ती चौकट जुन्या चित्रासमोर ठेवली. तेवढेच चौकोन मधुवंतीने आपल्या कॅनव्हासवर आखले. एका चौकोनात शिंगाचं टोक, दुसऱ्यात कानाची पाळी, असं करत ती उतरवू लागली. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाने नुसती छाया भरायची होती. तिथे सम्राटची नजर हलली.

"कास लई खाली आली."

मधुवंतीने वळून पाहिलं. "तुम्ही राखणदार आहात की परीक्षक?"

"मी काय बोललो न्हाय. पण एवढी कास असंल तर म्हशीला चालता यायचं न्हाय. ढोपराला आपटंल."

माई उठून आल्या, चष्मा वर केला, दोन्ही चित्रं पाहिली. "बरोबर आहे तो," त्या म्हणाल्या.

मधुवंतीने कास पुसली. दुसऱ्यांदा काढली. सम्राट खोकला. तिने तिसऱ्यांदा काढली.

"आता?" तिने दात आवळून विचारलं.

"आता दोन लिटर जास्त दील," तो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात खरी अडचण आली. रंग भरायचा, तर कोणता? जुन्या चित्रात काळ्याशिवाय काही नव्हतं. मधुवंतीने काळ्या रंगाची ट्यूब उघडली, तेव्हा माईंनी ती हळूच तिच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या पदराआड ठेवली. लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तशी.

"काळं ट्यूबमधून काढायचं नाही. निळा घे, तपकिरी घे, मिसळ. बघ, झाला की नाही काळा? आणि यात जीव आहे. कधी निळ्याकडे झुकेल, कधी तांबड्याकडे. ट्यूबमधला काळा म्हणजे भोक."

"पण माई, इथे तर भोकच आहे," मधुवंती चित्राकडे बोट दाखवून म्हणाली. "कोणी एवढं काळं चित्र काढतं का?"

"काळं न्हाय, चकाकतंय," सम्राट दुखावून म्हणाला. "आमी दर पाडव्याला तेल लावतोय की."

माईंनी चष्मा काढला.

"कशाला तेल लावता?" माईंनी सावकाश विचारलं.

"हौसाला. पाडव्याला सगळ्या म्हशी भादरून, धुऊन, तेल लावून मिरवायला नेतो न्हवं आमी? मग हिनंच काय घोडं मारलंय? हिला बी लावतोय. फडक्यानं, हळू. शेंगदाण्याचं. घरच्या घाण्याचं."

"ऐंशी वर्षं?"

"एक बी पाडवा चुकवला न्हाय," सम्राट म्हणाला.

माई खुर्चीत बसल्या. त्यांनी पाणी मागितलं. चौतीस वर्षांत मुलांनी त्यांच्यासमोर काय काय केलं होतं, पण चित्राला शेंगतेल चोळणारं घराणं त्यांना भेटलं नव्हतं. तेलावर धूळ, धुळीवर उदबत्तीचा धूर, त्यावर पुन्हा तेल. खाली कुठेतरी पेंटरने काढलेली हौसा होती.

एक कोपरा पुसून पाहावा, असं माईंनी सुचवलं. सम्राट घरी विचारून आला.

"आज्जा म्हणला, कानापुरतं पुसा. तोंडाला हात लावायचा न्हाय."

माईंनी काडीला कापूस गुंडाळला, तो जिभेवर ओला केला आणि डाव्या कानावरून अलगद फिरवला. "थुंकी सगळ्यांत सौम्य," त्या म्हणाल्या. अशा सतरा काड्या झाल्या. दोघंही माईंच्या खांद्यावरून वाकून बघत होते, एक उजव्या, एक डाव्या. काळपट तेल कापसावर येत गेलं आणि खालून कान निघाला...

तो जांभळा होता. पाळीवर आभाळाची निळी झाक, कडेला उन्हाची तांबूस रेघ, आतल्या बाजूला जांभळाच्या सालीसारखा रंग. कान आत्ताच हलेल असा.

"आयला," सम्राट हळूच म्हणाला.

मधुवंतीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला भुवईपाशी एक जुना व्रण होता, आणि एका कानाकडे बघताना त्याचे डोळे भरून आले होते.

"मग मी कुणाची नक्कल करायची?" तिने विचारलं. "चित्राची की तेलाची?"

"तूच सांग," माई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या दिवसापासून मधुवंती त्या कानावरून अख्खी म्हैस शोधू लागली. पाठीवर आभाळ कुठे पडेल, पोटाखाली मातीचा रंग कुठे परतून येईल, हे चित्रात दिसत नव्हतं. सम्राटला विचारावं लागायचं. तो सकाळी गोठ्यात बघायचा आणि पुढच्या वर्गाला येऊन सांगायचा.

"पाठीवर निळं. पण खांद्यापाशी जरा राखाडी."

"आणि मांडीवर?"

"मांडीवर शेण."

"सम्राट."

"शेण काढून बघितलं. तांबूस हाय." तो घुटमळला. "एक बोलू? पंचवीस वर्षं म्हशी बघालोय. काळ्या दिसायच्या. आता रोज सकाळी जांभळ्या दिसत्यात. हे तुमी केलंय. धार काढायची सोडून बघत बसतोय मी. आप्पा शिव्या घालत्यात."

"मग डोळे तपासून घ्या," ती म्हणाली, पण हातातला ब्रश उगाचच दोनदा त्याच रंगात बुडाला.

तो आता नुसता बसत नव्हता. येताना किटलीतून माईंच्या घरासाठी ताजं दूध आणायचा आणि एक पेला मधुवंतीपुढे ठेवायचा. संपेपर्यंत तिथेच उभा राहायचा. ब्रश धुवायचं काम त्याने कोणी न सांगता घेतलं. साबण लावून, तळहातावर गोल फिरवून, म्हशीच्या शेपटीचा गोंडा धुवावा तसे तो धुवायचा. वर्गातले ब्रश इतके मऊ कधीच नव्हते.

"पहिल्या दिवशी मला ताई म्हणालात तुम्ही," एकदा ती कॅनव्हासकडे बघत म्हणाली.

"पाऊस होता. तोंड दिसलं न्हवतं."

"आणि दिसल्यावर?"

"दिसल्यावर म्हणलोय का परत?"

ती विचार करू लागली. खरंच, नंतर तो तिला कशानेच हाक मारत नव्हता. "ओ", "ऐकलं का", "बघा की" एवढ्यावर दीड महिना निभावला होता.

माई थर द्यायला शिकवत होत्या. आधीचे थर टर्पेंटाइनचे, पातळ. वरचे तेलाचे, सावकाश वाळणारे. उलट केलं तर चित्र तडकतं. "रश्शावर तेलाचा कट तरंगतो," त्या म्हणायच्या, "कटावर रस्सा कुणी कधी बघितलाय?" प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं, तोवर पुढचा हात लावायचा नाही.

इथेच एक गोम झाली. थर वाळेनासे झाले.

"अजून ओलं वाटतंय," मधुवंती म्हणायची.

"लई ओलं हाय," सम्राट लांबूनच म्हणायचा.

एका मंगळवारी माईंनी बोटाची मागची बाजू पोटाच्या थराला लावून पाहिली. पापडासारखं खडखडीत वाळलं होतं. त्यांनी एकदा मधुवंतीकडे पाहिलं. ती ट्यूबांची झाकणं घट्ट करत होती. एकदा सम्राटकडे पाहिलं. तो छत बघत होता.

"हवा दमट आहे," माई म्हणाल्या. "राहू दे अजून चार दिवस."

पण कितीही दमट म्हटलं तरी दिवाळी पुढे ढकलता येत नव्हती. चित्र पूर्ण झालं, की सम्राटला इथे यायला कारण उरणार नव्हतं. हे दोघांनाही कळत होतं. कोल्हापुरात माणसं रस्त्यात अडवून तुमचं वजन, तुमचा पगार, तुमचं लग्न का जमत नाही, सगळं मोठ्यांदा विचारतात. ही दोघंही त्याच गावची. पण या एका बाबतीत दोघांच्याही तोंडून अक्षर फुटत नव्हतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिने नाकावर ओल्या चकाकीचा शेवटचा ठिपका दिला आणि ब्रश खाली ठेवला. दोन हौसा शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक काळोखातून शिंगं काढणारी, दुसरी सकाळच्या उन्हात आत्ताच नदीतून वर आलेली.

"झालं," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला.

"मग... आता?"

"आता पाडवा." तो गोधडी घडी करायला लागला. ती घडी तीनदा चुकली. "तुमी या की पाडव्याला. म्हंजे... चित्र बघायला."

"चित्र बघायला येईन," ती म्हणाली.

पाडव्याच्या सकाळी मधुवंती आणि माई गेल्या, तेव्हा गल्ली म्हशींनी भरली होती. तुळतुळीत भादरलेल्या, तेलाने चमकणाऱ्या, शिंगांना लाल-हिरवा रंग, कपाळाला मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. पोरं मोटरसायकली सुरू करून पुढे, म्हशी मागे पळायच्या तयारीत. हंबीररावांच्या अंगणात दोन खुर्च्या आणि त्यांवर दोन हौसा. घरचे सगळे भोवती.

नव्या हौसाला बघायला सगळे पुढे वाकले. शेवटी काकी म्हणाल्या, "म्हस हाय का जांभूळ?"

"मूळची अशीच होती," माईंनी शांतपणे सांगितलं. "हा डावा कान बघा जुन्यातला."

सगळ्यांनी कान बघितला, मान डोलावली, आणि तरीही प्रत्येकाची नजर जुन्या हौसावरच जाऊन थांबली. खरी ती खरी. मधुवंतीने नव्या हौसाची खुर्ची उगाचच सरळ केली. दोन महिन्यांचं काम, आणि आता ज्याच्या वाट्याला येईल तो तोंड पाडणार.

हंबीररावांनी तांब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, हलवल्या. "धाकट्यानं काढायची."

आप्पांनी डोळे मिटून चिठ्ठी काढली. उघडली. "जुनी," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. उदयसिंह काकांनी जांभळ्या म्हशीकडे पाहिलं आणि मिशी खाली आली.

"काका," सम्राट पुढे झाला. "तुमी जुनी घ्या. आमाला नवी द्या."

आप्पांनी चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली. बाहेरची एक मोटरसायकल नेमकी तेव्हाच बंद पडली.

काकांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मागितल्याशिवाय मिळालेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. "का?" त्यांनी विचारलं.

"असंच."

"खरी म्हस देऊन खोटी कोण असंच घेतंय?" काका दोन्ही चित्रांच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी एकीचा वास घेतला, मग दुसरीचा. "दोन म्हैनं तूच हिला घेऊन फिरालायस. पुसलीस व्हय खरी? आणि काळी नवी करून आणलीस?"

"माझ्या पोराला चोर म्हणतोस?" आप्पा उसळले. मग ते सम्राटकडे वळले. "पण का रे मागालायस?"

"ते काय मला ठाव न्हाय," काका म्हणाले. "हा मागतोय तीच खरी. मला आता जांभळीच पाहिजे. चिठ्ठीत बी तीच आलीया मला." आणि म्हशींना तेल लावून चिकट झालेला अंगठा त्यांनी खात्री करायला नव्या हौसाच्या पाठीकडे नेला.

सम्राटने त्यांचं मनगट धरलं. "हात लावू नका. ओली हाय."

"आठ दिवस झालं की."

"वरनं वाळलीया. आतनं ओली हाय. सहा म्हैनं लागत्यात." हे त्याला कुठून ठाऊक, असा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसला.

"सम्राट," हंबीरराव म्हणाले. "सणाचा दिवस हाय. खरं काय ते बोल, न्हाईतर काकाला जांभळी घिऊन जाऊ दे."

सम्राटने मधुवंतीकडे पाहिलं, मग चटकन म्हशीकडे. बोलला तो म्हशीकडे बघूनच.

"आज्जा, ही म्हस मला पाहिजे, कारण ती हिनं काढलीया. कास तीनदा पुसली हिनं, माझ्यामुळं. शिंगापाशी जमंना म्हणून रडली बी एकदा, माईंना दिसू न देता. ते सगळं ह्या चित्रात हाय. तुमाला दिसत न्हाय, मला दिसतंय. ती काकाच्या घरात गेली तर मी सकाळी उठून बघायचं काय?"

काकांनी मनगट सोडवून घेतलं आणि अंगठा धोतराला पुसला.

"म्हंजे म्हशीचा प्रश्न न्हाय."

"न्हाय."

"मग आधी बोलायचं की. उगं घाम फोडला मला." त्यांनी जुनी हौसा उचलली, छातीशी धरली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा धाकट्या भावाला म्हणाले, "आप्पा, दुसरीकडनं धर की. लई जड हाय."

"आणि पोरी," हंबीरराव मधुवंतीकडे वळले, "तुझं काय म्हणणं?"

अंगणातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली. दारातल्या म्हशींचीसुद्धा. दिवसभर लोकांकडून उत्तरं काढून घेणारी मधुवंती आपल्या चपला शोधू लागली.

"चित्राला... चित्राला कधीच तेल लावू नका," ती म्हणाली, चपला घातल्या, एक उलटी एक सुलटी, आणि माईंना मागे टाकून गल्लीच्या बाहेर गेली.

पुढच्या मंगळवारी सम्राट आला नाही. गुरुवारीही नाही. यायला कारणच नव्हतं. चित्र घरी होतं, आणि त्याने जे बोलायचं ते सगळ्या गल्लीसमोर बोलून टाकलं होतं. वर्गातले ब्रश पुन्हा राठ होऊ लागले.

"माई," मधुवंती म्हणाली, "मी आता काय गिरवू?"

"मला चित्र शिकवता येतं," माई म्हणाल्या. "बाकीचं ज्याला येतं त्याच्याकडे जाऊन शिकावं."

शुक्रवारी पहाट उलटून गेली, उजेड फुटला, तेव्हा ती गोठ्याच्या दारात उभी होती. सम्राट पाठमोरा बसून धार काढत होता. बादलीतला आवाज थांबला.

"दूध न्यायला आलाय?" त्याने न वळता विचारलं. पावलं ओळखली असावीत.

"शिकायला आलेय. तू दोन महिने माझा हात बघितलास. आता मी तुझा बघते."

तो "तू" गोठ्यात जरा वेळ तरंगत राहिला. सम्राट उठला, दुसऱ्या म्हशीपाशी पाट ठेवला, बादली लावली. तिला शेजारी बसवून त्याने हात कसा धरायचा ते दाखवलं. अंगठा आत, मूठ वरून खाली, ओढायचं नाही, दाबायचं. ती बघत होती. मग तिने तसंच केलं. म्हशीने मान वळवून तिला खालून वर पाहिलं आणि रवंथ करत राहिली. बादली कोरडी.

"देत नाही," ती म्हणाली.

"हात नवा हाय. वळखीचा झाला की सोडंल."

"किती दिवस लागतात?"

"रोज आलं तर म्हैना. दोन्ही टायमाला यावं लागतंय. सकाळी आणि संध्याकाळी."

"माझं दुकान आठला सुटतं. संध्याकाळी कशी येणार?"

"मग..." तो पाण्याच्या हौदाकडे बघू लागला. "मग हितंच ऱ्हायला या की कायमचं. म्हंजे सोपं पडंल."

मधुवंतीचे हात थांबले नाहीत, पण कान तापले. खूप वेळ ती त्या करड्या-जांभळ्या पोटाकडे बघत मूठ दाबत राहिली.

"घाई नको," ती शेवटी म्हणाली. "आधी महिनाभर येते सकाळची. म्हशीने हो म्हटलं, तर माझंही हो."

बादलीत चुर्र वाजलं.

दोघांनीही खाली वाकून पाहिलं. बादलीच्या तळाशी, पावलीच्या नाण्याएवढं, पांढरं, फेसाळलेलं दूध होतं. दुसरी धार आली, तिसरी आली. म्हैस शांतपणे रवंथ करत होती.

"आता?" मधुवंतीने विचारलं.

"आता काय," सम्राट म्हणाला, "थांबू नकोस. मधेच थांबलीस तर तिला राग येतोय."